घरच्या कॉम्प्युटरसाठी फुकटचा अँटिव्हायरस: गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या घरगुती कॉम्प्युटरसाठी आहेत. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, लाइन कधी आहे कधी नाही, आणि पेनड्राइव्ह सेतू केंद्रापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत फिरून येणारा. अँटिव्हायरस निवडण्याचे बहुतेक सल्ले शहरातलं चोवीस तास चालणारं वायफाय धरून दिलेले असतात. इथे तेवढं धरून चालत नाही, म्हणून काही उत्तरं वेगळी येतात.

थेट सांगा, कुठला टाकू?

विंडोज १० किंवा ११ असेल, ती खरी, लायसन्सची असेल आणि नेट बऱ्यापैकी रोज मिळत असेल, तर कुठलाच टाकू नका. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून आत आहे, फुकट आहे आणि त्याची मुदत संपत नाही. स्टार्ट दाबून ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर हिरवी खूण दिसली की निवड झालेली आहे. यापुढचा सगळा प्रश्न तो जिवंत ठेवण्याचा आहे.

नेट क्वचितच असेल, विंडोज जुनी असेल किंवा दुकानातून ‘भरून’ आणलेली असेल, तर पुढची उत्तरं वाचा. तिथे माझं मत बदलतं.

विंडोजसोबत फुकट येतो म्हणजे कच्चाच असणार ना?

एके काळी होता. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ नावाने फुकट अँटिव्हायरस दिला, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस म्हणून आतच येऊ लागला. सुरुवातीची काही वर्षं तो चाचण्यांत मागे पडायचा. बऱ्याच दुकानदारांचं मत त्या काळातच पक्कं झालं आणि अजून तेच चालू आहे.

जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही स्वतंत्र प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरातली सोय या तिन्हींना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. अलीकडच्या वर्षांत डिफेंडर तिथे पूर्ण गुण किंवा त्याच्या अगदी जवळ जात आला आहे. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जचे निकालही सगळ्यांना फुकट पाहता येतात. ‘हा टाका, हा भारी आहे’ असं कुणी सांगितलं, तर या दोन्ही ठिकाणी त्याचं नाव शोधून पाहा. नावच सापडत नसेल तर मी तरी तो टाकणार नाही.

आमच्या गावात नेट आठवड्यातून एक-दोनदाच धड चालतं. मग?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण डिफेंडरची कमजोर बाजू नेमकी इथेच आहे. संशयास्पद फाइल दिसली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो आणि तिकडून उत्तर आलं की अडवतो. नेट असलं की ही पद्धत उत्तम चालते. नेट नसलं की त्याच्याजवळ फक्त शेवटच्या अपडेटमधली माहिती उरते. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज नेट चालू असताना आणि बंद असताना अशी वेगवेगळी मोजणी करते. त्यात नेट बंद असताना डिफेंडर बिटडिफेंडर, अवास्ट अशांच्या मागे पडत आलेला आहे.

म्हणून ज्या घरी कॉम्प्युटर बहुतेक वेळ नेटशिवाय चालतो आणि पेनड्राइव्ह मात्र सारखा येतो-जातो, तिथे मी बिटडिफेंडरची फुकट आवृत्ती सुचवतो. कंपनी रोमानियाची आहे. टाकताना ई-मेल देऊन खातं उघडावं लागतं. डाउनलोड कंपनीच्याच साइटवरून करा. गुगलवर सगळ्यात वर ‘जाहिरात’ असं लिहिलेली लिंक दिसते, ती नको.

डिफेंडरच ठेवायचा असेल तर अपडेट हाताने आणता येतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर डिफेंडरच्या ताज्या व्याख्यांची, म्हणजे व्हायरस ओळखायच्या माहितीची, एकच फाइल मिळते. ती शंभर एमबीहून मोठी असते. तालुक्याला गेल्यावर कुणाच्या तरी चांगल्या नेटवर ती उतरवून पेनड्राइव्हवर आणायची आणि घरी डबल-क्लिक करायची. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हे काम ठेवलं तर विसरायला होत नाही.

हॉटस्पॉटचा दिवसाचा दीड जीबी अपडेटच खाऊन टाकतो. अपडेट बंद करू का?

बंद करू नका, आवरा. डेटा खातात ती विंडोजची मोठी अपडेट्स. अँटिव्हायरसची रोजची अपडेट्स त्यामानाने लहान असतात. सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडून तुमच्या हॉटस्पॉटपुढे ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, म्हणजे बहुतेक मोठी डाउनलोड्स आपोआप सुरू होणार नाहीत. पण मग अँटिव्हायरसचं अपडेटही अडू शकतं. त्यासाठी विंडोज सिक्युरिटीत ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मध्ये जाऊन ‘चेक फॉर अपडेट्स’ स्वतः दाबायचं. सकाळी कॉम्प्युटर उघडला की पहिलं काम हेच.

विंडोजचं सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येतं. ते शेकडो एमबीचं, कधी त्याहून मोठं असतं. महिन्यातून एकदा लॅपटॉप घेऊन ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाकडे जा, किंवा एका दिवसाचा डेटा त्यासाठीच राखून ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लाइन जाण्याच्या वेळेत अपडेट सुरू करू नका. ते लागत असताना मध्येच बंद पडलं तर विंडोजच सुरू न होण्याची वेळ येते.

दुकानदाराने कॉम्प्युटर देतानाच ‘फुल व्हर्जन’ अँटिव्हायरस टाकून दिला. तो ठेवू का?

बिल आणि लायसन्स की तुमच्या नावाने मिळाली असेल तर ठेवा. नसेल तर तो क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली नकली प्रत, आहे असंच समजा, आणि बहुधा आतली विंडोजही तशीच असते. हे मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. बारा-पंधरा हजारांत जुना कॉम्प्युटर घेणाऱ्या घराला विंडोजचे वेगळे पैसे परवडत नाहीत, हे मला पुरतं ठाऊक आहे. पण क्रॅक कसा चालतो ते तरी कळलेलं असावं.

नकली विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करणारं सॉफ्टवेअर अँटिव्हायरस लगेच पकडतो. म्हणून ते टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करतात, किंवा ‘इकडे पाहू नकोस’ असं त्याला सांगून ठेवतात. तुमच्याकडे काय केलंय ते स्वतः पाहता येतं. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’ दाबा आणि खाली जाऊन ‘एक्सक्लूजन्स’ उघडा. घरच्या कॉम्प्युटरवर ही यादी रिकामी असायला हवी. तिथे एखादं विचित्र नावाचं फोल्डर दिसतं, आणि कधी चक्क अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला सापडतो. तसं असेल तर वर हिरवी खूण दिसत असली तरी यादीत लिहिलेल्या जागेत डिफेंडर काहीच तपासत नाही. नोंद काढून टाका, ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ (डिफेंडरची सेटिंग्ज दुसऱ्या सॉफ्टवेअरला बदलू न देणारी सोय) चालू करा आणि फुल स्कॅन लावा. काही क्रॅक विंडोजमधून तर डिफेंडर मुळापासूनच काढलेला असतो. तिथे ते पानच उघडत नाही.

अशा वेळी माझा सल्ला कडक वाटेल, पण तो मनापासूनचा आहे. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा आणि कॉम्प्युटर नव्याने भरा. लॅपटॉप मूळचा विंडोजसह विकत घेतलेला असेल तर त्याची लायसन्स बहुधा मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्याच आवृत्तीची विंडोज फुकट उतरवून टाकली की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. कित्येकांच्या असली लायसन्सच्या लॅपटॉपवर दुकानात उगाच नकली विंडोज चढवलेली असते, आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो.

पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फाइली शॉर्टकट झाल्या. डेटा गेला का?

बहुतेक वेळा गेलेला नसतो, फक्त लपवलेला असतो. घाबरून लगेच फॉरमॅट मारू नका.

असा पेनड्राइव्ह उघडला की ‘लग्नाचे फोटो’, ‘सातबारा’, ‘शिष्यवृत्ती’ अशी तुमचीच नावं दिसतात. नीट पाहिलं तर प्रत्येक चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो, ‘टाइप’च्या रकान्यात ‘शॉर्टकट’ लिहिलेलं असतं आणि अख्ख्या लग्नाच्या फोटोंच्या फोल्डरचा आकार एक-दोन केबी दाखवतो. त्यावर डबल-क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग तुमचं खरं फोल्डरही उघडून दाखवतो. त्यामुळे काही बिघडलंय अशी शंकाच येत नाही. पेनड्राइव्ह नुसता लावला की व्हायरस आपोआप सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ पासून बंद केली. आता तो आपल्या क्लिकवरच पसरतो.

करायचं असं. शॉर्टकटला हात न लावता ‘धिस पीसी’मध्ये पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत असू शकतो. डिफेंडरच्या नेहमीच्या फुल स्कॅनमध्ये पेनड्राइव्ह धरला जात नाही, म्हणून हे वेगळं करावं लागतं. मग ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइली दाखवायला सांगा. तरीही दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’वरची खूण काढा. कधी सगळा डेटा नावच नसलेल्या एका फोल्डरमध्ये कोंबलेला असतो. त्यातले फोटो आणि कागदपत्रं तेवढी कॉपी करा, ओळखीची नसलेली एकही फाइल घेऊ नका, आणि त्यानंतर पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

एवढं करूनही पुढच्या आठवड्यात तोच पेनड्राइव्ह त्याच दुकानात लावला तर पुन्हा तेच होणार. प्रिंट काढण्यापुरता एक वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवरून १५ रुपयांत थेट मिळतो, त्यासाठी पेनड्राइव्ह फिरवायचं कारण नाही. आणि आधारची प्रत दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडली असेल तर निघण्याआधी ती डिलीट करायला सांगा, ‘रिसायकल बिन’मधूनही. आपल्या माणसाला हे सांगताना संकोच वाटतो, तरी सांगायचंच.

दोन अँटिव्हायरस टाकले तर जास्त सुरक्षित ना?

नाही. दोघेही एकाच फाइलवर एकदम झडप घालतात, कॉम्प्युटर रखडतो, कधी अडकून बसतो. दुसरा टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, तो याचसाठी.

मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती मात्र सोबत ठेवता येते, कारण ती सतत चालत नाही. आपण सांगू तेव्हाच तपासते. वावरात रात्री जागलीला बसणारा वेगळा आणि सकाळी जाऊन रानडुकरांनी किती नासाडी केली ते पाहणारा वेगळा, तसा हा दुसरा आहे. म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली. रोज पैसे मागतो.

काढून टाका. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’मधून अनइन्स्टॉल करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि डिफेंडर चालू झाला का ते पाहा. मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच पडून राहणं सगळ्यात वाईट. मॅकॅफी, नॉर्टन यांच्यासारखे नेहमीच्या रीतीने निघाले नाहीत, तर त्यांच्याच कंपनीच्या साइटवर काढून टाकण्याचं वेगळं टूल मिळतं.

अवास्ट, एव्हीजी, कॅस्परस्की, क्विक हील यांचं काय?

अवास्ट आणि एव्हीजी आता एकाच घरचे आहेत. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली, आणि २०२२ पासून दोन्ही नॉर्टनवाल्या जेन डिजिटल कंपनीकडे आहेत. एव्हिराही तिथेच. त्यामुळे ‘अवास्ट बरा की एव्हीजी’ या वादात वेळ घालवू नका. व्हायरस पकडण्यात ते चांगले आहेत. पण वापरणाऱ्यांनी नेटवर काय काय पाहिलं ती माहिती अवास्टने आपल्या जम्पशॉट या कंपनीमार्फत विकली. ती कंपनी २०२० मध्ये बंद झाली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. हा प्रकार जुना झाला, तरी मी तो विसरलेलो नाही. शिवाय फुकट आवृत्तीत ‘अपग्रेड करा’च्या खिडक्या सारख्या येतात, आणि घरातली म्हातारी माणसं त्या पाहून धास्तावतात.

कॅस्परस्कीचीही फुकट आवृत्ती आहे आणि पकडण्यात ती पक्की आहे. कंपनी रशियाची असल्यामुळे अमेरिकेने २०२४ मध्ये तिच्यावर बंदी घातली. भारतात ती मिळते. घरगुती वापरासाठी दुसरे चांगले पर्याय असताना मी तिकडे जात नाही.

क्विक हील आपल्या पुण्याची, कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभी केलेली. पण तो विकतचा आहे. फुकट मिळते ती ठराविक मुदतीची ट्रायल. घ्यायचाच असेल तर बिलासह घ्या.

सरकारकडून काही फुकट मिळतं का?

मिळतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं. क्विक हील, ई-स्कॅन, के७ या भारतीय कंपन्यांची व्हायरस काढून टाकणारी टूल्स त्यांच्या साइटवर फुकट आहेत. सी-डॅकचं ‘यूएसबी प्रतिरोध’ही आहे, ते कॉम्प्युटरला कुठला पेनड्राइव्ह लावू द्यायचा यावर ताबा ठेवतं. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरसाठी ते विशेष कामाचं. ही टूल्स मदतीला आहेत, अँटिव्हायरसची जागा घेणारी नाहीत.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. आता डिफेंडर चालेल का?

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. डिफेंडरच्या व्याख्या मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत देत राहू, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. म्हणजे अँटिव्हायरस ताजा राहील, पण विंडोजमधली नवी भोकं बुजणार नाहीत. ती बुजवायची अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येतात. विंडोज अपडेटच्या पानावर तसा पर्याय दिसतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालण्यासारखा असेल तर तिच्यावर जा. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि निदान ४ जीबी रॅम लागते. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर यादीत बसत नाहीत.

आमचा तर विंडोज ७ वाला आहे, रॅम २ जीबी. लय स्लो चालतो.

विंडोज ७ ची अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला संपली. त्यावर कुठलाही अँटिव्हायरस टाका, खालची भोकं उघडीच राहतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्याला अडवणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये येऊन गेलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं ते सापडले, आणि त्यात सर्वाधिक कॉम्प्युटर विंडोज ७ चे होते.

त्या कॉम्प्युटरवर फक्त मराठी टायपिंग, यूट्यूब आणि पोरांचा अभ्यास होत असेल तर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती, एक्सएफसीई, टाकून पाहा. ती फुकट आहे, आणि विंडोजचे व्हायरस तिच्यावर चालत नाहीत. २ जीबीवर ती चालते, पण ब्राउझरमध्ये एका वेळी दोन-तीनच टॅब उघडा. लिनक्स नको असेल तर तो कॉम्प्युटर नेटला जोडू नका, आणि बँकेचं काम त्यावर अजिबात नको. आणि अँटिव्हायरसला दोष देण्याआधी एकदा डबा उघडून पंखा साफ करा. आपल्याकडच्या मे महिन्यात धुळीने भरलेला पंखा प्रोसेसर थंड ठेवू शकत नाही, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःहून हळू चालतो.

स्क्रीनवर ‘५ व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा’ असं येतं.

फोन करू नका. खरा अँटिव्हायरस फोन नंबर देऊन बोलावत नाही. तो संदेश वेबसाइटचा असतो. खिडकी बंद होत नसेल तर एस्केपचं बटण दाबून धरा, किंवा ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबा. कोपऱ्यात सारखं येत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अनोळखी साइट्स काढून टाका. कधीतरी सिनेमा उतरवताना ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं. आणि फोनवरच्या माणसाने एनीडेस्कसारखं, दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं काही टाकायला सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा.

अँटिव्हायरस खरंच जागा आहे का, ते तपासता येतं?

येतं. आयकार (EICAR) या युरोपातल्या संस्थेची चाचणी फाइल याचसाठी आहे. त्यात फक्त ६८ अक्षरांचा मजकूर असतो आणि त्याने काहीही नुकसान होत नाही, पण सगळे अँटिव्हायरस ती व्हायरस म्हणून ओळखतात. आयकारच्या साइटवरून उतरवा. लगेच अडवली तर ठीक. शांतपणे उतरून उघडली, तर वर सांगितलेली एक्सक्लूजन्सची यादी पाहा.

सगळ्या फोटोंच्या नावापुढे विचित्र अक्षरं लागली आणि पैसे मागणारी चिठ्ठी आली.

हा रॅन्समवेअर. नेट बंद करा, लावलेले पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क काढा. पैसे देऊ नका. दिले तरी फाइली परत मिळतील याची खात्री नाही. ‘नो मोअर रॅन्सम’ ही युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेली साइट आहे. तिथे एक बिघडलेली फाइल चढवून पाहा, काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. घरगुती कॉम्प्युटरवर खूप पसरलेला स्टॉप-डीजेव्हीयू हा प्रकार मुख्यतः क्रॅक सॉफ्टवेअरमधूनच आला. त्याच्या जुन्या प्रकारांसाठी एम्सिसॉफ्टचं टूल आहे, नव्यांचं कुलूप बहुतेक उघडत नाही. तरी बिघडलेल्या फाइली फेकू नका, पुढे किल्ली मिळू शकते.

यावर एकच भरवशाचा उपाय आहे. फोटोंची आणि कागदपत्रांची एक प्रत अशा हार्ड डिस्कवर ठेवा, जी कॉम्प्युटरला एरवी लावलेली नसते.

मोबाईलवरही टाकावा लागतो का?

अँड्रॉइडमध्ये गुगल प्ले प्रोटेक्ट आधीच असतो, तो चालू ठेवा. धोका येतो तो व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’ अशा नावाच्या एपीके फाइलींमधून, म्हणजे दाबल्या की फोनवर ॲप टाकणाऱ्या फाइलींमधून. अशी फाइल गावाच्या ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो. सरकारी योजनेचं ॲप व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून येत नाही. दाबली गेली असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं रोखा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्याची संधी राहते. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. ग्रुपवर मात्र त्याच वेळी लिहा, की तुमच्या नावाने आलेली फाइल कुणी उघडू नये.